तेलातला पीसी आणि अकोल्याचा उन्हाळा

प्रश्न अकोल्याहून आला आहे. घरी जोडलेला पीसी, 65 वॉटचा प्रोसेसर, 170 वॉटचं ग्राफिक्स कार्ड. एप्रिल लागला की दुपारी पंखे किंचाळायला लागतात, आणि कॅबिनेट उघडलं की हीटसिंकवर, म्हणजे चिपची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या पात्यांवर, कापसाच्या तंतूंची गादी बसलेली. तर माशांच्या टाकीत तेल भरून मदरबोर्ड त्यात बुडवला तर चालेल का, सरकीचं तेल गावात स्वस्त मिळतं ते वापरता येईल का, आणि शॉक बसेल का, असं विचारलं आहे.

माझी बारा वर्षं साताऱ्याच्या नव्हे, नाशिकच्या सातपूरला रोहित्र (ट्रान्सफॉर्मर) दुरुस्तीच्या कारखान्यात गेली. (सातपूर म्हटलं की निम्मे लोक सातारा ऐकतात.) तेलात बुडवलेलं तांबं रोज बघत होतो, त्यामुळे पीसी बुडवायची खाज मलाही सुटली. दोन टाक्या केल्या. पहिली आठ महिन्यांत मोडली, दुसरी अडीच वर्षं चालली. त्यावरून सांगतो.

शॉकचं आधी उरकतो. रोहित्रात भरायच्या नव्या तेलाची चाचणी अशी असते: दोन इलेक्ट्रोडमध्ये 2.5 मिलिमीटर फट ठेवायची आणि व्होल्टेज वाढवत न्यायचं. निदान 30 किलोव्होल्टपर्यंत ठिणगी पडता कामा नये. तुमच्या एसएमपीएसच्या, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, आत फार तर 400 व्होल्टच्या आसपास डीसी असतं. म्हणजे स्वच्छ, कोरडं खनिज तेल तुमच्या पीसीला काहीही करत नाही. धोका तेलात नाही, तेलाबाहेर येणाऱ्या 230 व्होल्टच्या वायरीत आहे. अर्थिंग खरं पाहिजे. बोर्डात तिसरी पिन नुसती दिसायला असते तसलं नको. लाइनला आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लाइन तोडणारा स्विच, असावा. एवढं असेल तर हा मुद्दा संपला.

आता तुम्ही न विचारलेलं, पण सगळं ज्यावर अडतं ते. तेल थंड करत नाही. ते उष्णता उचलतं आणि स्वतःजवळ ठेवतं, उधारीवर. ती उधारी फेडायची सोय केली नाही तर सहा-सात तासांत वसुलीला माणूस दारात उभा राहतो.

हिशोब मांडू. टाकी धरा 45 सेंटिमीटर लांब, 25 रुंद, 35 उंच. सामान घातल्यावर तिच्यात साधारण 30 लिटर तेल बसेल. पातळ खनिज तेलाची घनता पाण्याच्या 0.85 पट, म्हणजे 25 किलोच्या थोडं वर. किलोमागे एक अंश तापायला त्याला सुमारे 1.9 किलोज्यूल लागतात. पाण्याला 4.2 लागतात, म्हणजे तेल पाण्याच्या निम्म्यालाही पोचत नाही. सगळं तेल एक अंशाने तापायला 48 किलोज्यूल. गेम खेळताना तुमचा पीसी सगळं धरून 300 वॉट ओढेल, म्हणजे सेकंदाला 300 ज्यूल. भागाकार करा, दर 160 सेकंदाला एक अंश.

आता बाहेर किती जातं ते बघा. टाकीच्या चार भिंती आणि वरचं तोंड मिळून 0.6 चौरस मीटर. साध्या स्थिर हवेत चौरस मीटरमागे, अंशामागे जेमतेम 10 वॉट निघतात. म्हणजे टाकी खोलीपेक्षा एक अंश जास्त गरम असेल तर 6 वॉट बाहेर. 300 वॉट बाहेर काढायचे तर टाकी खोलीपेक्षा 50 अंश जास्त तापायला हवी. कूलर लावलेल्या तुमच्या खोलीत मे महिन्यात 35 अंश धरले तर तेल जाऊन थांबणार 85 वर. आणि प्रोसेसरचा गाभा तेलापेक्षा वीस-पंचवीस अंश वरच असणार.

ते लगेच होत नाही, आणि फसगत तिथेच होते. पहिल्या तासात तेल खोलीपेक्षा अठरा-एक अंश वर चढतं, तीन तासांनी 37, आणि 50 च्या जवळ जायला सहा-सात तास लागतात. इंटरनेटवरचे व्हिडिओ पहिल्या तासातले असतात. टाकी चमकते, बुडबुडे येतात, तापमान झकास, टाळ्या. संध्याकाळी त्याच टाकीला हात लावून कोणी व्हिडिओ काढत नाही. माझ्या पहिल्या टाकीला रेडिएटर, म्हणजे तेलाची उष्णता हवेत सोडणारी जाळी, नव्हता. जानेवारीत नाशिकच्या थंडीत ती इतकी छान चालली की मी चार लोकांना घरी बोलावून दाखवली. एप्रिलमध्ये रात्री दहा वाजता ॲक्रिलिकची भिंत मधोमध पोट आल्यासारखी फुगलेली दिसली. ॲक्रिलिक 80 च्या पुढे मऊ पडायला लागतं, आणि 25 किलो तेल आतून रेटत असतं. तळाशी तेल निघालं नाही हे माझं नशीब.

तेव्हा रेडिएटर आणि पंप हवेतच. पाण्याच्या कूलिंगसाठी मिळणारा दाट पात्यांचा, बारीक नळ्यांचा रेडिएटर तेलाला जमत नाही, कारण पातळ म्हणवलं जाणारं खनिज तेलही पाण्यापेक्षा पंचवीस-तीस पट घट्ट असतं. मी दुचाकीचे ऑइल कूलर वापरले. ते मुळात तेलासाठीच बनवलेले असतात. एक पुरला नाही. दोन लावले, प्रत्येकामागे एक 120 मिलिमीटरचा पंखा, तेव्हा माझ्या 220 वॉटला तेल खोलीपेक्षा 18 अंश वर स्थिरावलं. तुमच्या 300 ला तिसरा लागेल किंवा मोठा घ्यावा लागेल. म्हणजे पंख्यांच्या आवाजाला कंटाळून तेलात उतरलात तरी दोन-तीन पंखे आलेच. ते सावकाश फिरतात एवढाच फरक.

पंप असा लावा की तेल वरून ओढलं जाईल आणि थंड होऊन तळाशी परत येईल. गरम तेल वर येतंच, त्याच्या उलट दिशेला ढकलू नका. परतीच्या नळीचं तोंड थेट प्रोसेसरच्या हीटसिंकच्या पात्यांमधून जाऊ द्या. तेल आपण होऊन फार हळू फिरतं, दाट पात्यांत तर जवळजवळ बसूनच राहतं. हीटसिंकवरचा पंखा काढून टाका. तेलात तो फिरतो, पण दमेकऱ्यासारखा, आणि त्याची मोटर लवकर जाते. काढल्यावर मदरबोर्ड सुरू होताना पंखा नाही म्हणून तक्रार करेल, ती बायोसमध्ये (पीसी सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) बंद करा.

सरकीचं तेल मात्र नाही. एकदम नाही. स्वयंपाकघरातल्या एक्झॉस्ट फॅनच्या पात्यांवर तो पिवळा-तपकिरी चिकट थर बसतो ना, नखाने खरवडला तरी निघत नाही, तेच सरकीचं तेल महिनोन्महिने 50-60 अंशांवर हवेत राहिलं की मदरबोर्डवर करेल. आधी खवट वास, मग डिंक. शेंगदाणा, सोयाबीन, सूर्यफूल, सगळ्यांची तीच गत, कोणी लवकर कोणी उशिरा. खोबरेल त्या मानाने टिकाऊ, पण 24 अंशांखाली ते थिजतं. डिसेंबरात सकाळी पीसी सुरू करायच्या आधी टाकी उन्हात ठेवणार का? टॉम्स हार्डवेअर या संगणकाच्या सामानावरच्या वेबसाइटच्या लोकांनी 2006 च्या जानेवारीत स्वयंपाकाच्या तेलात पीसी बुडवून चालवला होता, आणि तेव्हापासून दर वर्षी कोणीतरी त्या कढईत हात घालतं. त्यांनी करून बघितलं म्हणजे वर्षभर वापरलं असं नाही.

हवं ते लाइट लिक्विड पॅराफिन. औषधाच्या दुकानात पोट साफ व्हायला जे देतात त्याच घरातलं, पण पातळ. तिथून बाटल्या आणून टाकी भरू नका. रसायनांच्या घाऊक दुकानात कॅनमध्ये मिळतं. मागताना ‘लाइट’ म्हणा, नाहीतर जाड देतील. बेबी ऑइल म्हणजे तेच, वर सुगंध आणि किंमत. इंजिन ऑइलमध्ये नाना मिश्रणं असतात, ते नको. रॉकेल, डिझेल यांचा विचारही नको.

रोहित्राचं नवं तेल विजेच्या दृष्टीने उत्तम. पण ते बॅरलने मिळतं आणि त्याचा वास घरात राहतो. जुनं, डीपीतून काढलेलं तेल कोणी स्वस्तात देऊ केलं तर हात लावू नका. एक तर ते बहुधा चोरीचं असतं. गावाकडे डीपीतलं तेल रात्रीतून काढून नेतात, आणि मग रोहित्र जळून अख्ख्या शिवाराचे पंप बंद पडतात. असली जळालेली कॉइल मी इतकी उलगडली आहेत की या विषयावर मला राग आवरत नाही. दुसरं, जुन्या तेलात आम्ल आणि गाळ असतो, आणि फार जुन्या उपकरणांतल्या तेलात पीसीबी नावाची विषारी क्लोरीनयुक्त रसायनंही असू शकतात. (तुमच्या सर्किट बोर्डाच्या पीसीबीशी त्याचा संबंध नाही, नाव तेवढं सारखं.)

आता वायरी. यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवणार आहे, कारण माझा सगळ्यात जास्त वेळ यातच गेला.

पहिली टाकी सुरू केल्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी टेबलावर चमचाभर तेल दिसलं. टाकी तपासली, सगळ्या कडा कोरड्या. पुसलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग लक्षात आलं की ओल टाकीजवळ नाही, दोन फूट लांब मॉनिटरच्या पायाशी आहे. मॉनिटरची केबल मागून उपसली तर कनेक्टरच्या तोंडाला थेंब लोंबत होता. कीबोर्ड उलटा केला तर त्याच्या पोटातही तेल.

समईची वात कशी तेल ओढते, तेच. वायरीच्या प्लॅस्टिकखाली तांब्याच्या बारीक तारांची वेणी असते, तारांमधल्या फटी म्हणजे आयत्या केशनळ्या. तेल बाहेरून नव्हे, आतून चढतं. टाकीच्या काठाएवढं चढलं आणि पलीकडे केबल खाली उतरली की पुढचं काम वजन करतं. थेंब थेंब, न थांबता. बाहेरून कितीही टेप गुंडाळा, उपयोग शून्य.

उपाय दोन. पहिला, मदरबोर्ड असा उभा करा की मागची पोर्टची पट्टी आकाशाकडे राहील. यूएसबी, नेटवर्क, ग्राफिक्स कार्डाचं तोंड, सगळं तेलाच्या वर, म्हणजे बाहेर जाणारी एकही केबल तेलाला शिवत नाही. एसएमपीएसही सॉकेट वर करून पूर्ण टाकीतच ठेवा. तो बाहेर ठेवाल तर त्याच्या जाड वायरींचा जुडगा म्हणजे चोवीस वातींची समई होईल. दुसरा, पॉवरच्या बटणासारखी जी बारीक वायर तेलातून वर न्यावीच लागते, ती वरच्या झाकणापाशी कापा, मध्ये इंचभर एकेरी भरीव तार डाख देऊन जोडा आणि तो तुकडा इपॉक्सीत बुडवून टाका. भरीव तारेत फटी नाहीत, वात तुटते.

पोर्ट वर ठेवले की एक नवीन कसरत येते. प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागाचे हीटसिंक या पोर्टना चिकटूनच असतात. ते तेलाखाली हवेत, पोर्ट तेलावर हवेत, मधली जागा जेमतेम बोटभर. आणि तेल तापलं की फुगतं. 30 लिटर तेल 40 अंशांनी तापलं तर जवळपास 900 मिलिलिटर वाढतं. या मापाच्या टाकीत म्हणजे पातळी सुमारे 8 मिलिमीटर वर. मोठ्या रोहित्राच्या डोक्यावर आडवा पिंप दिसतो तो याचसाठी असतो. मी पहिल्यांदा थंड तेल काठोकाठ बरोबर भरलं होतं आणि रात्री यूएसबीच्या खाचांतून तेल वर आलेलं पाहिलं. थंडीत भरताना हीटसिंक जेमतेम झाकतील इतकंच भरा, खूण करा, तापल्यावर पुन्हा बघा.

वायरींवरचं पीव्हीसी मऊ राहतं ते त्यात मिसळलेल्या द्रव्यामुळे. ते द्रव्य हळूहळू तेलात उतरतं. वर्षभराने माझ्या एसएमपीएसच्या वायरी वाळक्या शेंगेसारख्या कडक झाल्या होत्या, वाकवल्या की तडा. म्हणून एकदा बसवलेलं सामान सारखं हलवू नका. साधं रबर फुगतं, सिलिकॉनही फुगतं, आणि काचेच्या मत्स्यटाकीच्या कडा सिलिकॉननेच जोडलेल्या असतात. कोणाच्या टाक्या वर्षानुवर्षं टिकल्याही असतील, मी मात्र माझी झोप त्या चिकटपट्टीवर टाकत नाही. दुसरी टाकी मी स्टेनलेस स्टीलची वेल्ड करून घेतली. आतलं दिसत नाही म्हणून पोरं नाराज झाली.

हार्ड डिस्क बुडवायची नाही. तिच्या अंगावर हवेसाठी बारीक भोक असतं, आतलं हेड हवेच्या पातळ थरावर तरंगतं. तेल गेलं की गेली. एसएसडी (फिरता भाग नसलेली, चिपवरची डिस्क) बुडवा, काही होत नाही. सगळ्या पार्टवरचे स्टिकर आधी काढून आयसोप्रोपिल अल्कोहोलने डिंक पुसा, नाहीतर महिन्याभरात ते सुटून पंपाच्या तोंडाशी जमतात. प्रोसेसर आणि हीटसिंकच्या मध्ये लावतात ती थर्मल पेस्ट तेलात हळूहळू धुतली जाते. तिच्या जागी ग्रॅफाइटची चकती घाला. वायफायचा अँटेना बाहेर.

तुमच्याकडे दोन गोष्टी खास आहेत, कापूस आणि डेझर्ट कूलर. कूलरने खोलीत ओल येते. खनिज तेल पाणी फारसं मुरवत नाही, पण थंड झाकणाखाली थेंब धरतात, पडतात, आणि तेलापेक्षा जड म्हणून सरळ तळाला जाऊन बसतात. रोहित्रात हे रोजचं आहे. त्यात तंतू पडले की आणखी वाईट, ओला तंतू विजेच्या ओढीने दोन टोकांमध्ये आडवा होतो आणि पूल बांधतो. 400 व्होल्टला लगेच काही होणार नाही, पण एसएमपीएस तळावर टेकवू नका, तीन सेंटिमीटर उंच ठेवा. टाकीला घट्ट झाकण, आणि श्वास घ्यायला एकच भोक, त्यावर सिलिका जेलची डबी. निळी खडी गुलाबी झाली की तव्यावर मंद भाजून पुन्हा निळी करायची. रेडिएटर कूलरच्या झोतात ठेवा, टाकी नको.

आगीचं म्हणाल तर या तेलाची वाफ पेट घ्यायला 140 अंशांच्या वर जावं लागतं, तुमचं तेल तिथे पोचणार नाही. पण तेलाने भिजलेलं फडकं आणि ठिणगी मारणारा स्विच एकाच टेबलावर नकोत. आग लागलीच तर पाणी मारायचं नाही, पावडरचं अग्निशामक जवळ ठेवा. पंप बंद पडला तर पीसी आपोआप बंद होईल अशी तापमानाची मर्यादा बायोसमध्ये लावा.

मोठी मंडळी हे करतात ते खरं आहे. क्रे-2 हा महासंगणक 1985 साली फ्लुओरिनर्ट नावाच्या द्रवात बुडवलेला होता. ते द्रव बनवणाऱ्या 3एम कंपनीने असली फ्लोरिनची रसायनं 2025 अखेर बंद करायचं 2022 मध्ये जाहीर केलं. टोकियोत त्सुबामे-केएफसी नावाची यंत्रणा तेलात बुडवून 2013 च्या नोव्हेंबरात वीज वाचवणाऱ्या महासंगणकांच्या यादीत पहिली आली. नावातलं केएफसी तळलेल्या कोंबडीवरून सुचलं असेल असं वाटतं खरं, पण ते ‘केप्लर फ्लुइड कूलिंग’चं लघुरूप आहे. या लोकांना एकेका कपाटातून दहादहा-वीसवीस किलोवॉट बाहेर काढायचे असतात, हवेचा तिथे दम निघतो. तुमचे 300 वॉट हवा आरामात नेते.

म्हणून माझं मत विचाराल तर, दुपारचा आवाज आणि धूळ एवढाच त्रास असेल तर तेलाच्या पैशात प्रोसेसरसाठी मोठा टॉवर कूलर (उभा मोठा हीटसिंक), तीन चांगले पंखे आणि कॅबिनेटला जाळीचे धुता येणारे फिल्टर घ्या. पैसे उरतील. कापूस जाळीवर अडेल, दर रविवारी नळाखाली धरा. ग्राफिक्स कार्ड एकदा तेलात गेलं की वॉरंटी गेली. दुरुस्तीवाला ते हातात घेत नाही, ओएलएक्सवर कोणी घेत नाही. बोर्डावरच्या प्रत्येक चिपखाली तेल राहतं, धुऊन पूर्ण निघत नाही. हे परतीचं तिकीट नसलेलं काम आहे.

आणि हौस असेल, कारण हौसेला मोल नाही, तर आधी जुना, पडीक पीसी घ्या. टाकीखाली 30 लिटर मावेल असा पत्र्याचा ट्रे घ्या, आणि तो टाकीच्या आधी घ्या. निकामी तेल मोरीत ओतू नका, वापरलेलं ऑइल घेणाऱ्या अधिकृत पुनर्वापर केंद्राला द्या. तुमच्या एसएमपीएसचं सॉकेट कोणत्या बाजूला आहे आणि कार्डाची लांबी किती, ते कळवा. कार्ड 28 सेंटिमीटरपेक्षा लांब असेल तर ही 35 ची उंची पुरणार नाही, टाकीचं माप नव्याने काढावं लागेल.